धुळीचा बोभाटा

काय दिवस आलेत बघा. पूर्वी पाहुणे यायचे म्हटलं की घरातली धूळ सोफ्याखाली सरकवायची, नाहीतर पडद्याआड लपवायची. आता लोक तीच धूळ मोबाइलच्या स्टेटसला लावतात! आमच्या नगरात सावेडीपासून केडगावपर्यंत आणि भिस्तबागेपासून भिंगारपर्यंत कोणाचंही स्टेटस उघडा. सीपीयूचा पत्रा काढलेला, हातात पिस्तुलाच्या आकाराचा ब्लोअर, घुर्रर्र आवाज, करड्या धुळीचा लोट आणि मागे सिनेमातलं दणदणीत संगीत. खाली अभिमानाने लिहिलेलं, ‘तीन वर्षांची निघाली!’ त्यावर मेहुण्याचा शेरा, ‘आमच्यात पाच वर्षांची होती.’ म्हणजे आता मळातही चढाओढ. मुलाच्या टक्क्यांवरून होत होती तेवढी पुरत नव्हती बहुतेक.

आणि ही मंडळी कोण, तर घरात केरसुणी कुठे ठेवलेली असते हे लग्नाला वीस वर्षं झाली तरी ज्यांना ठाऊक नाही, तीच. छताच्या पंख्यावर धुळीची झालर लोंबतेय, ती यांना दिसत नाही. बायकोने स्टूल धरायला बोलावलं तर यांची कंबर धरते. पण हजार-दीड हजाराचा चार्जिंगचा ब्लोअर घरी आला रे आला, की रविवारी सकाळी चहाच्या आधी हे बनियनवर गच्चीत. कॉम्प्युटर झाला, मग की-बोर्ड, मग टीव्हीची मागची बाजू, मग स्कूटरचं इंजिन, मग कुंडीतली तुळस. होय, तुळस! लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळद-कुंकू वाहतो. यंदा तिच्या शेजारी पाटावर ब्लोअर मांडला नाही कोणी, म्हणजे मिळवली.

सोसायट्यांतली भांडणं तर विचारूच नका. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घातलेले असतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे साहेब वाऱ्याची दिशा न बघता पाच वर्षांचा ऐवज हवेत सोडतात. एका गच्चीवर यावरून जो शब्दांचा सडा पडला, तो इथे छापण्याजोगा नाही. त्यातलं एकच वाक्य सांगते: “तुमचा कॉम्प्युटर थंड झाला असेल भाऊजी, पण माझ्या पापडात आता मीठ घालायची गरज राहिली नाही.”

तसं धुळीच्या बाबतीत आमच्या नगर जिल्ह्याला कोणी शिकवू नये. १७,०४८ चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने राज्यात पहिला, तालुके चौदा, आणि पाऊस बहुतेक ठिकाणी ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर. सह्याद्रीने ढग अकोले तालुक्यातच रिकामे करून घ्यायचे आणि बाकीच्यांनी वारा खायचा, अशी ही जुनी वाटणी. २०२४ मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली. धूळ जुन्याच पत्त्यावर राहते.

बरं, धूळ म्हणजे काही एकाच जातीची नव्हे. मुरलेला कारागीर कॅबिनेट उघडल्याबरोबर तालुका ओळखतो म्हणतात, आणि मला ते पटतं. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेच्या दुकानातली धूळ पांढरट, बारीक, खडीच्या भुकटीची. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरकडे गाळपाच्या हंगामात तिच्यात काजळी मिसळते. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, त्याचे पुतळे, पोवाडे, अभ्यासदौरे सगळं झालं. वाळत घातलेल्या धोतरावर पडणाऱ्या काळ्या कणांचा उल्लेख मात्र गौरवग्रंथात सापडायचा नाही. शेवगाव-पाथर्डीकडे कपाशीचे तंतू जाळीत गुंततात. घोडेगाव आणि नेप्तीच्या बाजारात कांद्याचे पापुद्रे. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर तर पवनचक्क्या उभ्या आहेत. जिथे वाऱ्यावर वीज तयार होते, तिथल्या माणसाने ब्लोअर विकत घ्यावा, याला काय म्हणायचं?

अकोल्याची तऱ्हा उलटी. भंडारदऱ्याच्या बाजूला धूळ कमी, पण पावसाळ्यात जी असते ती दमट होऊन चिकटते. तिथे नुसत्या वाऱ्याने भागत नाही, ब्रश लागतोच.

आणि शनिशिंगणापूर! घरांच्या चौकटींना दारं न लावण्याची तिथली परंपरा जगाला माहीत आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली, तीही कुलपाविना चालणारी म्हणून गाजली. पण मला विचाराल तर सीपीयूच्या बाबतीत अख्खा जिल्हाच शिंगणापूर झालाय. ‘गरम होतो’ म्हणून कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढायचा, तो कपाटामागे उभा करायचा, आणि परत कधी लावायचा नाही. पत्रा असतो तेव्हा पुढून गार हवा घेऊन मागून गरम हवा टाकण्याचा एक रस्ता ठरलेला असतो. पत्रा काढला की तो रस्ता मोडतो, आणि धूळ, पाल, झुरळ, उंदीर या सगळ्यांना आत मोकळीक. शनिदेव चोराला शासन करतात म्हणे. पालीचं काय करायचं, यावर परंपरा गप्प आहे.

केरकचऱ्यावरून नगरात रणकंदन होण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या पुढाऱ्यांना आमच्या भुईकोट किल्ल्यात आणून कोंडलं. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळेच्या सहलीतल्या पोरांनाही पाठ असतं. पण त्याच किल्ल्यात मौलाना आझाद ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहीत होते, आणि त्यांत छतात घरटी करून खोलीभर काडीकचरा पाडणाऱ्या चिमण्यांशी झालेल्या लढाईचं साग्रसंगीत वर्णन आहे. शेवटी मौलानांनीच माघार घेतली आणि चिमण्यांना दाणे घालायला सुरुवात केली. त्यांच्या हाती ब्लोअर नव्हता, हे उर्दू साहित्यावर उपकार झाले.

असो. ब्लोअरवाले निदान पैसे खर्च करतात. त्याआधीची जमात तर कॉम्प्युटर मोटरसायकलवर दोन मांड्यांत धरून थेट पंक्चरवाल्याकडे न्यायची. अजूनही नेते! “मामा, जरा हवा मारा.” मामा ट्रकच्या चाकात शंभर पीएसआय भरणारे. ते ज्या मायेने टायरला हवा मारतात त्याच मायेने मदरबोर्डला मारतात. पंख्याची पाती तुटतात, ज्वारीच्या दाण्याहून लहान सुटे भाग उडून नाल्यात जातात. शिवाय हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते. म्हणून तर टाकीच्या तळाचा नळ उघडून ते पाणी रोज काढावं लागतं. ते काढलेलं नसलं की हवेबरोबर पाण्याचे आणि पंपातल्या तेलाचे तुषार सर्किटवर. धूळ गेली, वर तेलपाण्याचा अभिषेक झाला, आणि चिरंजीव घरी येऊन लगेच बटण दाबणार!

दुसरा पंथ व्हॅक्यूम क्लिनरवाल्यांचा. फुंकावं की ओढावं, हा वाद तसा जुना आहे. १९०१ मध्ये लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथने एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र फुंकून धूळ उडवायचं, आणि धूळ थोडी फिरून पुन्हा तिथेच बसायची. बूथने मग उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली, रुमालाला धूळ चिकटली, आणि ओढणाऱ्या यंत्राचा जन्म झाला. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच्या यंत्राने साफ झाले. म्हणजे गच्चीवरच्या पापडांचं दुखणं बूथला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. तरीही गालिच्याला जे मानवतं ते मदरबोर्डला मानवेलच असं नाही. प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ घासत गेली की स्थिर वीज साठते, आणि ती वीज नाजूक चिपांची वैरीण.

या स्थिर विजेला नगरच्या कोरड्या हवेत फार चेव येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेरिकॉटचा शर्ट काढताना तडतड होते ना, तीच. माणसाला तिचा चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. काही चिपा मात्र शंभर व्होल्टच्या आतही मरतात. म्हणजे आपल्याला पत्ताही लागत नाही आणि तिकडे चिप वारलेली असते! लगेच वारली तरी बरं, अर्धमेली होऊन महिनाभराने वारली की खापर कंपनीवर. बचाव सोपा आहे. आत हात घालण्याआधी आणि मधून मधून कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा. घराला नीट अर्थिंगही हवं. आमच्याकडे खेड्यात उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, तेवढं शहरातल्या सुशिक्षितांना सुचत नाही.

तिसरा प्रकार तोंडाने फुंकर. त्याबद्दल सभ्य माणसाने काय बोलावं! मिसळ खाऊन आलेला माणूस मदरबोर्डवर ओणवा होऊन फुंकतो, तेव्हा धुळीपेक्षा थुंकी जास्त पोचते. डोळ्यात कचरा जातो तो वेगळाच.

उच्चभ्रूंकडे आता दाबलेल्या हवेचे डबे आलेत. त्यात खरं तर हवा नसतेच, दाबाने द्रव केलेला वायू असतो, आणि पुष्कळ डब्यांतला वायू पेट घेणारा. डबा उभाच धरायचा. उलटा केला की द्रव बाहेर येतो, जिथे पडेल तिथे बर्फ धरतो आणि बोट पोळतं. हे सगळं डब्यावर छापलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. उदबत्ती लावलेल्या देवघराशेजारी बसून तो डबा मारणारे महाभाग आहेत. देव त्यांचं रक्षण करो, तो शेजारीच बसलेला असतो.

पण स्टेटसवाल्यांचा खरा गुन्हा वेगळाच आहे. ब्लोअरच्या वाऱ्यावर पंखा गरागरा फिरवून त्याच्या शिट्टीचा व्हिडिओ काढणं! पोरांना कोण आनंद होतो. तो बिचारा पंखा ठरावीक वेगाने फिरण्यासाठी केलेला. त्याला भलत्या वेगाने फिरवलं की बेअरिंग जातं, आणि वर मोटरच जनित्र होऊन उलटी वीज बोर्डाकडे पाठवू शकते. एक बोट पात्यांत धरायचं आणि मग हवा मारायची, एवढंच काम. पण बोट धरलं तर व्हिडिओत काय दिसणार?

आता बघायचंच असेल तर ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांना बघावं. नेप्तीच्या कांदा बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर मी बसले होते. लिलाव रंगात आला की शेठचा कॉम्प्युटर बंद पडायचा, ऐन हिशेबाच्या पट्ट्या काढायच्या वेळी. शेतकरी खोळंबलेले, हमाल ओरडतायत, आणि स्क्रीन काळी. शेठचं निदान तयार होतं: व्हायरस. कारागीर आला. खांद्याला पिशवी, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. त्याने सीपीयूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “शेठ, आधी कॉम्प्युटर बंद करा, मंग वायर काढा.”

“बंदच हाये की.”

“स्क्रीन बंद हाये. सीपीयू चालूच हाये.”

हा संवाद जिल्ह्यात रोज किती टेबलांवर होत असेल! वायरी निघाल्यावर त्याने पुढचं बटण पुन्हा काही क्षण दाबून धरलं. वायर काढलेली असूनही आतला पंखा एकदा जरासा हलला आणि थांबला. उरलीसुरली वीज निघून गेली. मग डबडं उचलून गाळ्याबाहेर ओट्यावर आणलं, चिमूटभर धूळ उडवून वारा कुठला ते पाहिलं, वाऱ्याकडे पाठ केली, रुमाल नाकावर बांधला. पत्रा काढला तेव्हा आत कांद्याचे तांबडे पापुद्रे जाळीवर चिकटून बसलेले. प्रोसेसरवरचा पंखा सोडवला तर खालच्या हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीचा थर नमद्यासारखा दाबून बसलेला. बोटाने धरून ओढला तसा अखंड निघाला. त्या थराखाली हवा जायला सुतभर जागा नव्हती. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की आधी स्वतःच हळू चालतो, मग जीव वाचवायला बंद पडतो. हाच तो शेठचा व्हायरस.

ब्लोअर त्याच्याकडेही होता, पण वापरायची रीत बघा. वीतभर अंतरावरून, तिरका, एकेक लहान झोत. डाव्या हाताचं बोट पंख्यात. चिकट जागी रंगकामाचा एक इंची मऊ ब्रश. रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले, रबराचा चुरा झटकला. जोर लावून घासलं तर वरचा मुलामा जातो, हे तो शिकाऊ पोराला सांगत होता. पोर अर्थातच मोबाइलमध्ये. हीटसिंक पुरता काढला होता, म्हणून वाळून खडू झालेली जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली आणि मसुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. हे स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते उडून जाईपर्यंत पुढचं काही जोडलं नाही. तेवढ्या वेळात चहा झाला.

फक्त एका डब्याला त्याने स्क्रू-ड्रायव्हर लावला नाही: एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा. बाहेरून जाळीतून हवा मारली आणि सोडून दिला. शिकाऊ पोराने “उघडू का?” विचारलं, तेव्हा मात्र तो मोठ्याने बोलला. वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या वर वीज धरून बसू शकतात. स्टेटससाठी हाही डबा उघडणारे वीर मी पाहिलेत. त्यांच्या बायकांना हे वाचून दाखवा.

सगळं जोडून झालं, कॉम्प्युटर चालू झाला, पट्ट्या निघू लागल्या. आता खरा तमाशा ऐका. मजुरी सांगितली तीनशे रुपये. शेठ म्हणाले, “अडीचशे घे. नुसती धूळच तर काढली!” आणि याच शेठच्या टेबलाच्या खणात दीड हजाराचा ब्लोअर पडलेला, खोक्यातून न काढलेला.

एकेकाळी आपण या यंत्राला किती जपायचो! २००१ नंतर गावोगाव एमएस-सीआयटीचे क्लास निघाले, तेव्हा लॅबच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा. मंदिरात शिरावं तसे पाय पुसून आत जायचो. मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर, की-बोर्डवर वेगळं कव्हर, वर एक रुमाल. काही सरकारी टेबलांवर अजून ती कव्हरं आहेत आणि काही ठिकाणी मशीन चालू असतानाही काढलेली नाहीत. त्याने धूळ येत नाही हे खरं, पण हवाही येत नाही.

आणि खंडेनवमीला काय करतो आपण? शस्त्रांची, अवजारांची पूजा, म्हणून कॉम्प्युटरचीही. छान आहे, करावी. पण कॅबिनेटला वरच्या बाजूने जाळी असते. त्या जाळीवर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या! वर उदबत्तीची राख. चंपाषष्ठीला कोरठणच्या खंडोबाहून आलेला भंडारा उधळायचा राहिलेला असतो, तोही. एका पतसंस्थेतल्या सीपीयूतून निघालेल्या अक्षतांत मुंग्यांचा संसार थाटलेला होता, कारागिराने फोटो दाखवला. पतसंस्थेचं नाव सांगणार नाही, ठेवीदार घाबरतील.

माझं मत विचाराल तर या वेडात कॉम्प्युटर निमित्त आहे. हवं आहे ते घुर्रर्र आणि लोट. साफ करण्याचं खरं काम संथ आणि बिनआवाजाचं असतं. सीपीयू जमिनीवरून उचलून वीतभर उंच स्टुलावर ठेवणं, पत्रा परत लावणं, पुढची जाळी महिन्यातून एकदा पुसणं, याला ब्लोअर लागत नाही आणि व्हिडिओही होत नाही. म्हणून ते कोणी करत नाही.

तेव्हा मंडळी, ब्लोअर घेतलाच असेल तर वापरा, पण वायर काढून, पंख्यात बोट धरून, वाऱ्याकडे पाठ करून. एसएमपीएसच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉप उघडायची खुमखुमी आली तर कारागिराला बोलावा. तो आला की त्याला बाहेर अंगणात टेबल द्या, नाकाला बांधायला स्वच्छ फडकं द्या, आणि तीनशे सांगितले तर तीनशेच द्या.